मंगळवार पेठेतल्या माडीच्या कैच्या : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

सातारा, मंगळवार पेठ, मंगळवार तळ्यापासून चालत पाच मिनिटं. खाली दगडी जोतं आणि कडीपाट, वर विटा-मातीची माडी, त्यावर मंगलोरी कौलं. मालक पुण्यात असतात, घरात त्यांच्या आई, वय ७८. फोनवर प्रश्न एकच होता : छपराचं आढं, म्हणजे माथ्याचं आडवं लाकूड, मधेच बसलंय, पाडायचं की ठेवायचं? एका बिल्डरने शिडीसुद्धा न लावता "पाडा, स्लॅब टाकू" असं आधीच सांगून ठेवलंय.

माडी आतून १८ फूट रुंद, ४० फूट लांब. आढं दक्षिणोत्तर, म्हणजे एक पाखं पूर्वेला, एक पश्चिमेला. मधे चार कैच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी, दर आठ फुटांवर एक. अजिंक्यतारा किल्ल्याकडून, म्हणजे दक्षिणेकडून, मोजायला सुरुवात केली : क१, क२, क३, क४. चारही सागवानी, मधल्या खांबाच्या. खालची तुळई ५ बाय ९ इंच, तिरपे दांडे ४ बाय ५, आढ्यापर्यंत उंची पाच फूट. उतार साधारण २९ अंश.

पहिली फेरी नुसत्या डोळ्यांनी आणि हातोडीने. क१, क४ खणखणीत. क२ पण खणखणीत. क३ चे दोन्ही ठेपे गायब. म्हणजे मधल्या खांबाच्या पायथ्यापासून तिरप्या दांड्याच्या मध्याला जे आधार द्यायला जातात, तेच नाहीत. आढं बसलंय ते तिथेच. वरवर पाहता दुखणं सापडलं असं वाटतंय.

क२ च्या तुळईला झोपाळा टांगलेला आहे. आजी त्यावर बसून घेवडा निवडत होत्या. सुपातला घेवडा कोरेगावकडचा, वाघ्या. मला चहा मिळाला, झोपाळ्यावर जागा नाही.

८ एप्रिल, सोमवार

मोजमापं. लाईनदोरी ताणून प्रत्येक दांड्याचा बाक घेतला. क१, क२, क४ : ५ ते ७ मिमी, शंभर वर्षांच्या लाकडाला तेवढं माफ. क३ : पश्चिमेला १९, पूर्वेला १७. पर्लिन, म्हणजे कैचीवरून कैचीवर जाणारं आडवं लाकूड, नेमकी दांड्याच्या मध्यावर बसते आणि तिच्याखालचा ठेपाच काढलाय. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे होते, त्यांचा दहा फुटांचा एक झाला.

ठेपे कोणी काढले? आजींचे सासरे. माळ्यावर धान्याच्या कणग्या ठेवायला आडवे येत होते म्हणे. कणग्या गेल्या, आता तिथे जुनी पुस्तकं, तांब्याचा बंब आणि एक सायकल आहे. सगळं खाली उतरवायला सांगितलं.

सांध्यांवर पटाशीच्या खुणा दिसल्या. क१ च्या प्रत्येक तुकड्यावर एक रेघ, क२ वर दोन, तशाच पुढे. सुताराने कैच्या अंगणात जमिनीवर जुळवल्या, खुणा केल्या, मोकळ्या करून वर नेल्या आणि पुन्हा बसवल्या. प्रत्येक खाच हाताने केलेली असल्याने एका कैचीचा दांडा दुसरीला बसत नाही. हे टिपून ठेवतो, पुढे लागेल.

चार कौलं काढून वजन केली. सरासरी २.४ किलो. एक रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात, म्हणजे नुसत्या कौलांचे ३६ किलो. मागे छाप पाहत बसलो, चार वेगवेगळ्या कारखान्यांचे निघाले. ज्यांनी १८६५ साली मंगळुरात हा धंदा सुरू केला त्या बासेल मिशनचं एखादं सापडेल अशी आशा होती, नाही सापडलं.

उद्या पाडवा. सुट्टी.

११ एप्रिल, गुरुवार

शनिवारची क२ ची नोंद चुकली. खोडत नाही, तशीच राहू दे.

बुडवलेलं कौल २.७ किलो भरलं. ते लिहून घेत असताना आजी झोपाळ्यावर बसल्या आणि पायाने रेटा दिला. खिडकीतून सकाळचं ऊन तिरकं आत आलं होतं. पश्चिमेच्या भिंतीपाशी, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथून, तपकिरी भुकटीची बारीक धार गळली. झोपाळा मागे गेला, थांबली. पुढे आला, पुन्हा गळली. खाली फरशीवर चिमूटभर ढीग होता. आजी म्हणाल्या, "तो रोजचा आहे रे, मी केर काढताना भरते."

मी हातोडी मारली होती ती तुळईच्या मधोमध आणि भिंतीपासून दोन फुटांवर. तिथलं लाकूड उत्तम आहे. तुळई मरते ती भिंतीच्या आत. कुठल्याही जुन्या घरात पहिल्यांदा टोकं बघायची, हे मी नव्या मुलांना शिकवतो.

टोच्या घातला. ऑइलपेंटचा पापुद्रा फुटला आणि टोच्या साडेचार इंच आत गेला, हाताला काही लागलंच नाही. ओलावा मोजला : मधे ११ टक्के, भिंतीपासून फुटावर १६, भिंतीलगत २७. एप्रिलमध्ये! वीसच्या खाली लाकडाला बुरशीची भीती नसते. पंचविशी ओलांडून तिथेच राहिलं की कुजणं थांबत नाही.

झोपाळा त्याच क्षणी उतरवला. आजींना पटलं नाही. "लग्नापासून आहे तो." म्हटलं, आजी, तुळई त्याहून जुनी आहे, तिलाही थोडी विश्रांती द्या. हसल्या, पण कड्या माझ्या हातात दिल्या नाहीत. स्वतः धुऊन, पुसून खुंटीला लावल्या.

दुपारी क२ च्या पश्चिम टोकाखाली लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, आणि त्याच रेषेत खालच्या मजल्यावर दुसरा, नाहीतर भार कडीपाटावर येतो. मिस्त्रींनी खालचा प्रॉप फरशीवर ठेवला होता. खाली फळी द्यायला लावली.

१२ एप्रिल, शुक्रवार

टोकाभोवतीची भिंत बाहेरून उघडली. कारण दिसलं. तुळईच्या टोकाभोवती मूळ गवंड्याने बोटभर मोकळी जागा ठेवली होती, चुन्याच्या कडा अजून ओळखू येतात. नंतर पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करताना ती पोकळी मालाने ठासून भरली. मालकांकडे त्या कामाची पावती आहे, १९९४ ची. कंत्राटदाराने मनापासून, भरपूर सिमेंट घालून काम केलंय, हेच दुर्दैव.

पाणी वरून येतं. वळचणीलगतची सहा कौलं फुटकी. वानरांची कृपा. किल्ल्यावरून उतरतात, छपरावरून छपरावर जातात आणि उडी घेतात ती नेमकी वळचणीवर. साताऱ्याचा पाऊस पश्चिमेकडून, यवतेश्वराच्या अंगाने येतो. फुटक्या कौलातून भिंतीच्या माथ्यावर पडतो, आत झिरपतो आणि सिमेंटमुळे बाहेर निघू शकत नाही. तुळईचं टोक तीस वर्षं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखं.

पश्चिमेची बाकी तीन टोकंही उघडली. क१ : १९ टक्के, लाकूड घट्ट, वरचा पाव इंच मऊ. क३ : २१, तेही घट्ट. क४ कोरडी, तिच्यावरची कौलं शाबूत आहेत. पूर्वेची चारही टोकं उत्तम.

वाळवी नाही. पर्लिनींच्या कडांना मिलीमीटरभराची भोकं आहेत, पण फक्त बाहेरच्या फिकट लाकडात. गाभ्याला किड्याने तोंड लावलेलं नाही. मालकांना फोटोत तीच भोकं सगळ्यात भयंकर वाटली. तसंच होतं. लांबीच्या दिशेने गेलेल्या वाळल्याच्या भेगा बघूनही लोक घाबरतात. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. लाकडाच्या रेषा तोडून आडवी जाणारी भेग किंवा दांड्याच्या खाचेतून टोकाकडे धावणारी भेग दिसली तर खरी काळजी. इथे तशी एकही नाही.

१५ एप्रिल, सोमवार

भूकंपाची भेग.

क१ आणि क२ च्या मधे एक आडभिंत आहे. ती पश्चिमेच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात उभी भेग, खालपासून वरपर्यंत. घरात सगळे तिला भूकंपाची भेग म्हणतात. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनेचा. आजी तेव्हा एकवीस वर्षांच्या, नवीन लग्न. फळीवरची पितळी भांडी पडली, कौलं सरकली, थंडीत सगळी पेठ रस्त्यावर बसली होती. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी भेगेत चुना भरला. तेव्हापासून भेग घरातल्या माणसासारखी आहे, रंग देताना तिलाही देतात.

आज तिच्यापाशी दोन तास काढले. तळाला रुंदी ३ मिमी, मधे ९, माथ्याला २२. खालच्या भागात चुन्याचे थर, त्यावर डिस्टेंपर, निळा आणि मग पिवळा. वरच्या तीन फुटांत रंगाचा एक ठिपका नाही, विटेची ताजी लाल कड. आणि वरची भेग १९९४ च्या सिमेंट गिलाव्यातून आरपार गेली आहे. १९६७ च्या भूकंपाला १९९४ चा गिलावा कसा फोडता येईल?

ओळंबा सोडला. भिंतीचा माथा नऊ फुटांत ३१ मिमी बाहेर, सगळ्यात जास्त क२ पाशी. दक्षिणोत्तर कोपऱ्यांत ८ आणि ६.

खालची भेग भूकंपाचीच असेल. वरची छपराची आहे. दोन तिरपे दांडे माथ्याला टेकून उभे असले की पाय फाकतात. ते फाकू नयेत म्हणून खाली तुळई असते. ती भार झेलत नाही, दोन पायांना बांधून ठेवते. पश्चिमेला तिचं टोक कुजलं, दांड्याची खाच भुसभुशीत झाली, पाय सरकला आणि भिंतीला रेटू लागला. भिंत विटा-मातीची. ती उभं वजन घेते, बाजूचा रेटा नाही.

भेगेवर काचेच्या दोन पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या, वर एक, खाली एक. तारीख घातली. भेग हलली तर काच तडकेल.

२२ एप्रिल, सोमवार

आकडे. एका कैचीच्या वाट्याला छपराचं क्षेत्र १५ चौरस मीटरच्या थोडं वर. कौलं, रिपा, वासे, पर्लिन मिळून चौरस मीटरला ५८ किलो धरले, म्हणजे सुमारे ८९० किलो. त्यातून तुळईत येणारा ताण ६०० किलोच्या आसपास. त्यावर आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाचा चल भार, म्हणजे कायमचा नसलेला, येणारा-जाणारा भार : १० अंशांपर्यंत चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, पुढे दर अंशाला ०.०२ कमी, पण ०.४ च्या खाली जायचं नाही. २९ अंशांना ०.३७ येतो, म्हणून ०.४. ताण टनाच्या जवळ जातो. पावसात कौलं भिजली की बादलीतल्या हिशोबाने चौरस मीटरला साडेचार किलो अधिक.

सागवान आयएस ८८३ या लाकडाच्या मानकात गट ब. ५ बाय ९ चं शाबूत लाकूड एवढा ताण सहज घेईल. म्हणजे कैची कमजोर नाही, टोकाचे अडीच-तीन फूट कमजोर आहेत.

क३ चे दांडे ठेप्याशिवायही मोडणार नाहीत, वाकत राहतील. गणिताने बाक ८ मिमी येतो, वर्षानुवर्षांच्या भाराने तो दुप्पट होणं स्वाभाविक, मोजला १९. जुळतं.

२ मे, गुरुवार

मालक आले. मी लिहून दिलं : पाडायचं कारण नाही. क२ चं टोक बदलायचं, क३ ला ठेपे, पश्चिमेची चारही टोकं मोकळी करायची, कौलं शाकारायची. भिंत मागे ओढायची नाही. ३१ मिमी बाहेर आहे तिथेच तिला थांबवायची. तीस वर्षांत विटा नव्या जागी बसल्या आहेत, ओढायला गेलो तर नवी भेग पडेल.

त्यांनी विचारलं, "स्लॅब का नको?" या भिंतींच्या डोक्यावर पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोंहून जास्त. आत्ताच्या छपराच्या पाचपट. पुढे काही विचारलं नाही.

७ मे, मंगळवार

मतदान. काम बंद.

१३ मे, सोमवार

काल संध्याकाळी वळीव, जोराचा वारा. सकाळी वरची काच तडकलेली. खालची शाबूत.

माझी चूक. प्रॉप दिला म्हणजे क२ सुरक्षित, असं धरून चाललो होतो. टेकू वरचं वजन घेतो, बाहेरचा रेटा घेत नाही, आणि १५ एप्रिलला मीच चार ओळींत ते लिहिलं आहे. महिनाभर कैची तशीच भिंतीला रेटत राहिली, वर भिजलेल्या कौलांचं वजन आणि वाऱ्याचे धक्के. भेगेची माथ्याची रुंदी २२ ची साडेबावीस झाली. अर्ध्या मिलीमीटरवर निभावलं.

मिस्त्रींना फोन. उद्या तार.

१४ मे, मंगळवार

क२ च्या दोन्ही दांड्यांच्या पायांना लाकडी गुटक्यावर पट्टे घेऊन मधे पोलादी तार आणि टर्नबकल, म्हणजे पिळून तार ताणायचा आटा. हाताने घट्ट होईल इतकंच पिळलं. मिस्त्री म्हणाले, "अजून दोन आटे देऊ का साहेब? भिंत येईल आत." नको. तार बोटाने छेडली की आवाज देते, तेवढं पुरे. नवी काच लावली.

२१ मे, मंगळवार

टोक कापलं. टोकापासून दोन फूट नऊ इंचांवर चांगलं लाकूड लागलं. कसं ओळखलं : पाच मिमीचा ड्रिल चार ठिकाणी मारत आत-आत गेलो. मेलेल्या भागातून काळपट पीठ येतं आणि बिट लोण्यासारखी घुसते. चांगल्या सागातून सोनेरी, कुरळा भुसा येतो, सागाचा तो वास येतो आणि हाताला जोर लागतो. चौथ्या भोकाला वास आला. तिथून आणखी तीन इंच आत कापलं.

नवं टोक नवीन लाकडाचं नाही. वखारीत एका पाडलेल्या वाड्याची तुळई मिळाली, १० टक्के ओलावा, आकसायचं ते आकसून झालेलं. कलमी सांधा, म्हणजे दोन्ही तुकडे तिरपे कापून एकमेकांवर बसवलेले, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, १६ मिमीचे सहा जस्ती बोल्ट. चार पुरले असते. दांड्याच्या खाचेपुढे दहा इंच लाकूड राखलं, कारण खाचेपुढचं लाकूड तोकडं पडलं तर तेवढा तुकडा सालपटासारखा पुढे निसटतो.

भिंतीत टोकाखाली दगडी पाट, तिन्ही बाजूंना इंचभर मोकळं, बाहेरून चुन्यात विटा आणि हवेला भोक. गवंड्याने सवयीने सिमेंटची पाटी वर आणली होती. परत पाठवली.

२८ मे, मंगळवार

क३ चे ठेपे. आजचा दिवस मजेचा.

परसातल्या न्हाणीच्या दारावर एक पाच फुटी सागवानी तुकडा आहे, चुन्याने माखलेला. मिस्त्रींच्या पोराने खरवडला तर टोकाला पटाशीच्या तीन रेघा. क३ चा हरवलेला ठेपा! सासऱ्यांनी काढला आणि न्हाणीला उतरंग म्हणून घातला. तिथे दगडाची फळी देऊन तो सोडवला. पूर्वेच्या खाचेत धरला, दोन टिचक्यांत बसला. पश्चिमेचा मात्र सापडला नाही, नवा घडवला. त्या बाजूचा दांडा प्रॉपवर तीन दिवसांत थोडा-थोडा वर घेतला, १९ वरून ११ वर आला. तिथे थांबलो, कौलं करकरायला लागली होती.

मधल्या खांबावरून मिस्त्रींशी वाद. खांबाचा पाय तुळईवर टेकत नाही, बोटभर फट आहे. ते पाचर मारायला निघाले होते, "मोकळा पडलाय." खिशातल्या बिलाचा कागद फटीतून आरपार काढून दाखवला. तो टेकलेला नाही, टांगलेला आहे. वर आढ्यापाशी दोन दांड्यांनी त्याला पकडलंय, खाली लोखंडी पट्टीने तो तुळईला उचलून धरतो आणि ठेप्यांचे पाय त्याच्यावर येतात. पाचर मारली तर सगळं उलटं होऊन भार तुळईच्या पोटात जाईल. मिस्त्री थोडा वेळ खालून बघत राहिले. "म्हणजे खांब नव्हे, कडी," म्हणाले. पट्टीची खिळ घट्ट केली, फट तशीच ठेवली.

३ जून, सोमवार

कौलं शाकारून झाली. ६४ बदलली. वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधल्या, वानरांसाठी. बोरॅक्स-बोरिकचे दोन हात सगळ्या टोकांना. पश्चिमेला पत्र्याची पन्हळ नवी. तार अजून काढलेली नाही.

२२ जून, शनिवार

पाऊस लागून दोन आठवडे झाले. क२ चं नवं टोक १५ टक्के, क१ १७, क३ १७, क४ १३. दोन्ही काचा शाबूत. फरशीवर भुकटी नाही, मी बोट फिरवून पाहिलं. टर्नबकल सैल केलं, तासभर थांबलो, भेग २२.५ वर स्थिर. तार काढली. भेगेत चुना भरायचा तो पावसाळ्यानंतर.

आजींनी कालच्या वटपौर्णिमेचा आंबा दिला आणि कड्यांकडे बघून विचारलं, "दिवाळीला?" क२ ला नाही, असं सांगितलं. आडभिंतीलगत लोखंडी चौकट उभी करू, छपराला न लागणारी. मापं घेतली : पाट साडेचार फूट, कड्या सहा फूट. पुढची तपासणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

"तेव्हा भेग तूच भर," म्हणाल्या. "पिवळा रंग शिल्लक आहे."